टेक्स्ट::फॉरमॅट की टेक्स्ट::रॅप? आमच्या चलनांचा अनुभव

टेक्स्ट::फॉरमॅट आणि टेक्स्ट::रॅप ही पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली, मजकुराच्या ओळी पाडणारी दोन मॉड्यूल्स (तयार कोड). सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची चलनं, म्हणजे मालासोबत जाणारे कागद, मी दोन्हींवर काढली आहेत. देखणेपणात टेक्स्ट::फॉरमॅट पुढे, यात वाद नाही. दोन्ही कडा सरळ, मजकूर उजवीकडे किंवा मधोमध, सगळं एका ऑब्जेक्टमध्ये. रॅप फक्त ओळ मोडतो आणि समास देतो. पण चलनातला मालाचा रकाना अरुंद. 'जकार्ड टॉवेल, मरून, पांढरा काठ' दोन्हीकडून ताणलं की शब्दांमध्ये भोकं पडतात आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ती जास्तच दिसतात.

माझा निर्णय मात्र क्रॉनने (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामने) केला. दिवसा टर्मिनलवर स्क्रिप्ट गुमान चालायची. पहाटे ट्रक भरायच्या वेळी चलनच नाही, आणि लॉगमध्ये 'कान्ट लोकेट टेक्स्ट/फॉरमॅट.पीएम', म्हणजे मॉड्यूल सापडत नाही. पर्ल ५.१८ पासून हा एरर 'मॉड्यूल इन्स्टॉल करावं लागेल' असंही सुचवतो, त्यामुळे माणूस सीपॅनकडे (पर्ल मॉड्यूल्सच्या ऑनलाइन भांडाराकडे) धावतो. पण मॉड्यूल होतंच की! ते होम फोल्डरमध्ये होतं, त्याचा पत्ता बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलीतल्या पर्ल५लिब या सेटिंगमध्ये, आणि क्रॉन ती फाइल वाचत नाही. एररच्या कंसातली @आयएनसीची यादी (पर्ल मॉड्यूल जिथे शोधतो ते फोल्डर) टर्मिनलवरच्या 'पर्ल -व्ही' (कॅपिटल व्ही) या कमांडच्या यादीशी ताडून पाहा, फरक लगेच दिसतो. उपाय सोपा आहे, स्क्रिप्टमध्ये 'यूज लिब' लिहून पत्ता द्यायचा. पण मशीन बदललं की पुन्हा तेच दुखणं. रॅप पर्लसोबतच येतो, म्हणून ही कटकटच नाही.

मराठी मजकुराचं पथ्य दोन्हीकडे एकच: आधी यूटीएफ-८ डिकोड करा, म्हणजे साठवलेल्या बाइट्सची अक्षरं करून घ्या. नाहीतर 'सोलापूर' २१ बाइट मोजला जातो आणि ओळी भलत्याच आखूड होतात. डिकोड केल्यावर रॅपच्या अलीकडच्या आवृत्त्या काना-मात्रा वेगळ्या मोजत नाहीत, त्यामुळे तोच शब्द ४ खणांत बसतो. जोडाक्षरांत थोडं इकडेतिकडे होतं, तेवढं आम्ही चालवून घेतो.

रॅपची एक खोड आहे: ओळीच्या रुंदीच्या 'कॉलम्स' सेटिंगला ८० दिलं तर ओळ जास्तीत जास्त ७९ खणांची. पूर्ण ८० हवी तर ८१ द्या.

दरपत्रकं किंवा छापील पत्रं काढायची असतील आणि सर्व्हर तुमच्याच हातात असेल, तर फॉरमॅट जरूर घ्या. रात्री कुणी बघायला नसताना चालणाऱ्या कामाला मी तरी रॅपच लावेन.