एअर जॉर्डन ११ ‘कॉन्कॉर्ड’: ४५ की २३?

कॉन्कॉर्ड हा नायकीच्या एअर जॉर्डन ११ या बास्केटबॉल बुटाचा पांढरा-काळा अवतार. २०१८ साली आलेल्या जोडीच्या टाचेवर ४५ छापलंय. १९९५ च्या मूळ जोडीवर २३ होतं, २००० आणि २०११ च्या जोड्यांवरही २३. नवख्या गिऱ्हाइकाला बूट बनावट वाटून तो परत करावासा वाटतो. तसं करू नका, तो आकडा मुद्दाम आहे: जॉर्डनच्या पुनरागमनातल्या जर्सीचा.

शिकागो बुल्सचा बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन ऑक्टोबर १९९३ मध्ये निवृत्त झाला, मधे बेसबॉल खेळून आला आणि १९ मार्च १९९५ ला इंडियानाविरुद्ध उतरला तो नेहमीच्या २३ ऐवजी ४५ नंबरची जर्सी घालून. नवव्या दिवशी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ५५ गुण ठोकले. मग प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, समोर ऑरलँडो. पहिल्या सामन्यात अखेरची १८ सेकंदं उरलेली, शिकागो एका गुणाने पुढे, आणि ऑरलँडोच्या निक अँडरसनने मागून येऊन त्याच्या हातातला चेंडू उडवला. शिकागोने सामना ९१-९४ असा गमावला. ४५ मध्ये पूर्वीच्या २३ ची धार नाही, अशा अर्थाचं अँडरसन बोलून गेला. दुसऱ्या सामन्यात जॉर्डन २३ घालून आला, ३८ गुण केले. मालिका तरीही हातची गेलीच! पण याच मालिकेत, दुकानात यायच्या कित्येक महिने आधी, कॉन्कॉर्ड त्याच्या पायात होता. संघ काळ्या बुटांत आणि हा एकटा पांढऱ्यात.

आता बूट. बुटाचा रचनाकार टिंकर हॅटफिल्ड याने चवड्याभोवती चकचकीत पेटंट लेदरचा पट्टा फिरवला तो नुसत्या दिमाखासाठी नाही. साधं चामडं वापरून सैलावतं, हे फारसं ताणलं जात नाही; त्यामुळे वेगात दिशा बदलताना पाय तळावरून बाहेर घसरत नाही. वर बॅलिस्टिक नायलॉन, म्हणजे घट्ट विणीचं चिवट कापड, म्हणून वजन आटोक्यात. दोऱ्या भोकांऐवजी कापडी फासांतून जातात, खालचं टोक ओढलं की सगळा बूट एकदम आवळतो. तळ उलटा करून पाहा: मधल्या कमानीत कार्बन फायबरची पट्टी दिसते. बूट मधेच पिळला जाऊ नये हे तिचं काम. अस्सल जोडीत विणीचे चौकोन प्रकाशात तिरपे धरले की उजळतात-मावळतात. बनावट जोडीत बहुतेक वेळा नुसती सपाट छपाई असते.

२०१८ च्या जोडीत पेटंट लेदरची उंची मूळच्यासारखी आहे. २०११ मध्ये ती कमी ठेवली होती आणि बूट बसका दिसायचा. माझ्या मते रीट्रोंमध्ये, म्हणजे पुन्हा काढलेल्या जोड्यांमध्ये, २०१८ चीच घ्यावी. तेव्हाची किंमत २२० डॉलर, मूळ जोडी १२५ ला निघाली होती.

खेळायला? चालतो, पण आजच्या बुटांपुढे जड आणि ताठ. तळातली एअरची (हवा भरलेली) गादी टाचेपासून बोटांपर्यंत सलग असली तरी मऊ लागत नाही. पारदर्शक तळ धूळ पकडतो. दर दोन-चार मिनिटांनी तो पुसला नाही तर पाय सटकतो. नेहमीचाच साइझ घ्या, पाय रुंद असेल तर अर्धा वाढवा. सुरुवातीला पेटंट लेदर बोटांच्या वळणावर टोचतं.

१९९५-९६ च्या मोसमात बुल्सनी ८२ पैकी ७२ सामने जिंकले, जॉर्डनची सरासरी सामन्याला ३०.४ गुण. अंतिम मालिकेत सिएटलविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्याच्या १९ पैकी फक्त ५ फेकी बास्केटमध्ये पडल्या, तरी २२ गुण, ९ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि ७ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) काढले. तेव्हा पायात मात्र काळा-लाल ११ होता. विजेतेपदाची आठवण म्हणून घेणार असाल तर तो घ्या. कॉन्कॉर्ड ही पुनरागमनाची जोडी आहे.

सगळ्यात मोठी कटकट तळाची. हवा आणि उन्हामुळे पारदर्शक रबर पिवळं पडतं, डब्यात ठेवलं तरी. फक्त वेग कमी होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून अतिनील दिव्याखाली ठेवल्यावर बराच पिवळेपणा जातो, पण ते तळाच्या जोडावर सांडलं तर गोंद सुटू शकतो. जोडाला आधी चिकटपट्टी लावा. मिडसोल (तळाचा मधला थर) फायलॉन या हलक्या फोमचा असल्यामुळे जुन्या पॉलियुरेथेनच्या बुटांसारखा त्याचा भुगा होत नाही. जातो तो गोंद, आणि न वापरलेल्या जोडीतही तो सुकतो. तेव्हा महिन्यातून एकदा तरी घालून चाला.

पेटंट लेदर ओल्या मऊ फडक्याने, नायलॉन मऊ ब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्याने साफ करा. वॉशिंग मशीन नको, उन्हात वाळवणं नको. आत कोरा कागद कोंबा, वर्तमानपत्र नाही. त्याची शाई पांढऱ्या अस्तराला लागते आणि निघत नाही.