'नेपोलियन' बघू की 'इन्टॉलरन्स'?

मावसभावाला मूकपटांतला एकच अवाढव्य सिनेमा बघायचाय, आबेल गान्सचा 'नेपोलियन' (१९२७) की ग्रिफिथचा 'इन्टॉलरन्स' (१९१६) यात अडकलाय.

वेळ म्हणशील तर इन्टॉलरन्स तीनेक तासांत आटपतो, नेपोलियनची ब्रिटिश रिस्टोअर केलेली कॉपी साडेपाच तासांची, आणि एवढं बसूनही गोष्ट १७९६ च्या इटलीच्या मोहिमेपाशीच थांबते कारण गान्सला असे सहा सिनेमे काढायचे होते, निघाला हा एकच! मिळायलाही इन्टॉलरन्स सोपा, नेटवर फुकट आहे. पण डोकं तोच जास्त खातो, बॅबिलॉन, येशू, १५७२ चं फ्रान्स आणि तेव्हाची अमेरिका, चार गोष्टी सारख्या एकीतून दुसरीत उड्या मारतात.

भव्यतेत मात्र माझं मत गान्सला. बॅबिलॉनचा सेट अफाट आहेच, कॅमेरा हळूहळू आत सरकतो तेव्हा माणसं मुंग्यांएवढी दिसतात, पण आपण बघेच राहतो. गान्स कॅमेराच घोड्यावर बांधतो, आणि शाळेतल्या पोरांची ती बर्फाचे गोळे फेकायची मारामारी, त्यात तर आपणच सापडतो. शेवटी तीन पडदे शेजारी शेजारी, लॅपटॉपवर त्याची नुसती चिंचोळी पट्टी होते राव.

घरी बसून, एडिटिंग समजून घ्यायला बघणार असशील तर इन्टॉलरन्स. कुठे मोठ्या पडद्यावर लाइव्ह ऑर्केस्ट्रासकट शो लागला तर सुट्टी टाकून नेपोलियन.