इंटरसेप्टर ६५० वर पॉवरट्रॉनिक: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

गेल्या हिवाळ्यात माझ्या २०२१ च्या रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टरवर पॉवरट्रॉनिक बसवलं, म्हणजे ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) ठरवलेलं पेट्रोल आणि ठिणगीची वेळ बदलणारा जादा डबा. पुण्याचं एप्रिलमधलं ट्रॅफिक, पावसातला ताम्हिणी, कोकणातून वर महाबळेश्वर, सगळं झाल्यावर लिहितोय. ताकद वाढवायला घेणार असाल तर आधीच सांगतो, ४७ बीएचपीचे ५५ होत नाहीत. फरक कळतो तो दुसऱ्या गिअरमध्ये, रिक्षामागे रांगताना, थ्रॉटल मिटवून परत उघडता तेव्हा बसणाऱ्या झटक्यांत.

पण डबा घेण्याआधी चेन, थ्रॉटल केबलचा प्ले, टॅपेट आणि दोन्ही थ्रॉटल बॉडींचं सिंक (दोन्ही सारख्या उघडतात का) तपासून घ्या. माझ्या गाडीचे निम्मे झटके तिथेच गेले. या कामाला फारसे पैसे लागत नाहीत, म्हणून बहुधा कोणी सुचवतही नाही.

उरलेल्या झटक्यांसाठी पर्याय बरेच होते. बूस्टरप्लगसारखी वस्तू ईसीयूला हवा २० अंशांनी थंड असल्याचं भासवते, म्हणजे साधारण ६ टक्के जास्त पेट्रोल. स्वस्त आणि सोपं. पण एका वेगात चाललेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ती वाढ परत कापून टाकतो. ईसीयू फ्लॅश केला, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअरच बदललं, तर जादा वायरिंग नको, पण सर्व्हिस सेंटरने अपडेट टाकला की मॅप (पेट्रोल-ठिणगीच्या आकड्यांचा तक्ता) गेला. मला लॅपटॉपवर बदलता येणारा आणि वाटलं तर काढून ठेवता येणारा पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा डबा) हवा होता. पॉवरट्रॉनिक बंगळुरूत बनतं, हेही सोयीचं.

आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल, कारण ट्यूनिंगचा निम्मा प्रश्न तिथेच आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते; ई-२० ला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. हळू, एका लयीत चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे भरून काढतो. थ्रॉटल जोरात उघडला की ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या आकड्यांवर चालतो आणि गाडी लीन जाते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्रदूषणाच्या नियमांमुळे गाड्या मुळातच लीनकडे झुकलेल्या असतात, त्यात ही भर. त्यामुळे ट्यूनर ‘एएफआर १३’ (एका भाग पेट्रोलला १३ भाग हवा) म्हणाला तर कुठल्या पेट्रोलवर, ते विचारा. लॅम्ब्डात बोलणारा ट्यूनर मला जास्त भरवशाचा वाटतो; त्यात कुठल्याही पेट्रोलला नेमकी पुरेल एवढी हवा म्हणजे १, आणि त्याखाली पेट्रोल जास्त. डायनोवर (गाडी जागेवर पळवून मोजमाप घेणारं यंत्र) वाइडबँड (अचूक ऑक्सिजन सेन्सर) लावून पूर्ण थ्रॉटलला ०.८८ च्या आसपास ठेवलं.

मॅपमधल्या क्रूझिंगच्या (एका लयीत चालवण्याच्या) रकान्यांत शून्य बदल. तिथे सेन्सरलाच काम करू दिलं. १० ते २५ टक्के थ्रॉटल आणि २,५०० ते ४,५०० आरपीएम या पट्ट्यात पेट्रोलमध्ये ४ ते ६ टक्के वाढ, खरी मजा इथेच आहे. इग्निशन टायमिंगला मात्र खालच्या आरपीएमवर हात लावू दिला नाही. ट्यूनर दोन अंश पुढे न्यायला, म्हणजे ठिणगी जरा आधी पाडायला उत्सुक होता. पण ९.५ ला १ कॉम्प्रेशन, हवेवर आणि तेलावर थंड होणारं इंजिन, मागे बायको आणि सामान, मे महिन्यातला वरंध घाट... नॉकिंग (इंजिनमध्ये पेट्रोल अवेळी भडकून होणारी टकटक) ऐकायची हौस मला नाही.

झालं काय? ४,००० च्या खाली गाडी ओढते, गिअर कमी बदलावे लागतात. थ्रॉटल मिटवल्यावरचं पॉपिंग (सायलेन्सरमधले फटफट आवाज) कमी झालं, गेलं नाही. पायाला लागणारी धग थोडी कमी वाटते, पण हा माझ्या मांड्यांचा अंदाज, थर्मामीटरचा नव्हे. अॅव्हरेज शहरात २५-२६ होतं, आता २४. महाबळेश्वरच्या १,३५० मीटरवर विरळ हवेत गाडी रिच (पेट्रोल जास्त) होऊन गुदमरेल असं वाटलं होतं. तसं काही जाणवलं नाही, कारण मूळ ईसीयू हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करतोच आणि आपली टक्केवारी त्यावर चढते.

जुलैत मात्र एक सिलिंडर मधेच मिस व्हायला लागला. गॅरेजवाल्याने बसवताना कपलर (वायरांचा जोड) सीटखाली उघडा सोडला होता, त्यात पाणी. डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून कपलर वर बांधला, मग त्रास नाही. वायरिंग बांधताना स्वतः उभे राहा.

सायलेन्सर मूळचाच ठेवलाय, कॅटलिस्टसकट (धूर स्वच्छ करणारा भाग). आयडलचे रकाने न छेडल्याने पीयूसी पहिल्या फटक्यात निघालं. वॉरंटीत असाल तर बसवायच्या आधी डीलरकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘चालतं हो’ क्लेमच्या वेळी कोणालाच आठवत नाही. आणि ट्यूनरकडून मॅपची फाईल मागून घ्या, सायलेन्सर बदलला तर पुन्हा शून्यापासून पैसे मोजावे लागत नाहीत.