ओपन सीसाठी १३-५६ च्या तारा

ओपन सी म्हणजे गिटारच्या तारा जाड तारेपासून सी-जी-सी-जी-सी-ई अशा स्वरांत लावणं. माझ्या जुन्या १२-५३ च्या सेटमधली (हे आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागांत) सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार चार सेमीटोन (अर्धस्वर) उतरवली की लुळी पडायची, फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) खडखडायची. म्हणून फॉस्फर ब्राँझचा १३-५६ चा सेट चढवला. आता मोकळ्या तारा नुसत्या छेडल्या तरी खालचा सी तंबोऱ्याच्या खर्जासारखा घुमत राहतो! जी झाला पंचम, वरचा ई गंधार. परवा भूप वाजवत बसले, तर वेळेचं भानच राहिलं नाही. पाचव्या फ्रेटवर एक बोट आडवं टाकलं की एफ मेजर कॉर्ड तयार. दुसरी तार मात्र बीवरून सीपर्यंत चढवावी लागते. तिला सावकाश पीळ द्या. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये या तारा बोटांना फार कडक वाटतात, त्यामुळे ही गिटार मी ओपन सीमध्येच ठेवली आहे.