पायगा मकबरे की कुतुबशाही मकबरे?

हैदराबादला एकच मोकळी सकाळ असेल, तर बहुतेक जण गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही मकबऱ्यांकडे वळतात. साहजिकच आहे. सुलतानांच्या कबरींवरचे कांद्यासारखे घुमट लांबूनच दिसतात, आणि महंमद कुलीचा मकबरा तर 40 मीटरहून उंच आहे. (शेवटचा सुलतान तानाशाह मात्र इथे नाही, त्याची कबर आपल्या खुलताबादेत.)

मला विचाराल तर चारमिनारच्या आग्नेयेला, संतोषनगरच्या गल्लीबोळांत दडलेले पायगा मकबरे आधी बघा. पायगा म्हणजे निजामाचे सर्वांत बडे सरदार घराणे. राजाशी बरोबरी करणारा घुमट इथे नाही. सगळी हौस भिंतींवर फेडली आहे. चुन्याच्या गिलाव्यात कोरलेली फुलेफळे, महिरपी, आणि जाळ्या! एकीची नक्षी दुसरीला क्वचितच मिळते. काही कबरींवर छप्परच नाही, त्यामुळे जाळीची सावली दिवसभर संगमरवरावरून सरकत राहते.

पण हीच नजाकत जतनाला जड जाते. कुतुबशाहीचा मूळ सांगाडा भक्कम दगडाचा. तिथे 2013पासून आगाखान ट्रस्टने विसाव्या शतकातले सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला, विहिरीही दुरुस्त केल्या. पायगांकडे मात्र पावसाळ्याचे पाणी नाजूक गिलाव्यात मुरते, आणि गळलेली एक पाकळी पुन्हा घडवायला कसबी कारागीरच लागतो. भोवती वस्ती अगदी खेटून. तिकडच्यासारखी ऐसपैस बाग नाही.

फोटोसाठी कुतुबशाही. निवांत बघायचे असेल तर पायगा, तेही सकाळच्या तिरप्या उन्हात.