कापडी टोपलीच्या पोटात काय घालावे: बकरम, फोम की जुन्या साडीचे थर?

घरी शिवलेली कापडी टोपली फळीवर ताठ उभी राहणार की रिकामी झाल्याबरोबर कडेने ढासळणार, हे वरच्या कापडापेक्षा आतल्या थरावर ठरते. असे असूनही वरचे छापील कापड निवडण्यात आपण संध्याकाळ घालवतो आणि आतला थर मात्र दुकानदार देईल तो उचलतो. शिवणसाहित्याच्या दुकानात या कामासाठी साधारणपणे बकरम, म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते ताठ कापड, आणि पिशव्या-पर्स शिवण्याचा फोम मिळतो, तर तिसरा पर्याय जुन्या सुती साड्यांच्या रूपाने बहुतेक घरांत आधीच पडून असतो. निवड करताना दिसण्याचा विचार नंतर करावा; टोपली धुवावी लागणार आहे का आणि ती कोरड्या जागी राहणार आहे का, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत.

तुलना सोपी जावी म्हणून एकच माप धरू: तळ २० × २० सेंमी आणि उंची २० सेंमी. १ सेंमी शिलाईची माया (टिपेबाहेर राहणारी कड) धरून वरच्या कापडाचे आणि अस्तराचे प्रत्येकी दोन तुकडे ४२ × ३२ सेंमीचे बेतावेत आणि प्रत्येक तुकड्याच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून १० सेंमीचे चौरस कापून टाकावेत. मांजरपाट किंवा खादी वापरणार असाल तर ती आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावी, कारण खळ निघून गेल्यावर हे कापड आटते आणि तयार टोपलीत आटलेले अस्तर बाहेरच्या कापडाला आत खेचते.

बकरम हा तिघांत स्वस्त आणि सरळ कडांचा. इस्त्रीने चिकटणारा बकरम घेतल्यास तो मायेच्या आत, म्हणजे ४० × ३० सेंमीचा कापून आणि त्याचेही १० सेंमीचे कोपरे काढून वरच्या कापडाच्या उलट बाजूला चिकटवावा. त्यामुळे तो शिवणीत येत नाही आणि जोड जाड होत नाहीत. साध्या मशीनवर १४ नंबरच्या सुईने हे काम सहज होते. मात्र त्याचे दोन दोष ठळक आहेत. पहिला असा की बाहेरचे कापड आणि अस्तर उलट्या बाजूने जोडून, अस्तरात ठेवलेल्या फटीतून टोपली उलटवून सुलट करायची नेहमीची पद्धत बकरमला मानवत नाही: १२-१५ सेंमीच्या फटीतून ओढून काढताना त्यावर ज्या मोडी पडतात त्या इस्त्रीनेही पुरत्या जात नाहीत. म्हणून बकरमची टोपली उलटवू नये. बाहेरची टोपली सुलट करून अस्तर तिच्यात बसवावे आणि वरच्या काठाला पायपिन, म्हणजे कड झाकणारी कापडी पट्टी, लावावी. दुसरा दोष पाण्याचा. खळ देऊन ताठ केलेला बकरम धुतला की मऊ पडतो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी दमट हवेत तो ओल धरतो. शिवाय खळीवर कसर येते, ती वेगळीच. दुकानात कोपऱ्याचा तुकडा मागून घेऊन घरी पाण्यात चोळून पाहिला तर आपल्या हाती कोणता प्रकार आला आहे ते कळते.

फोमचे काम वेगळे आहे. दोन्ही बाजूंनी पातळ जाळीदार कापड लावलेला, साधारण ५ मिमी जाडीचा फोम घेतला तर टोपलीच्या भिंती गुबगुबीत पण उभ्या राहतात, दाबल्या तरी पुन्हा वर येतात आणि फटीतून उलटवताना मोड पडत नाही. मशीनची खरी कसोटी मात्र इथे लागते. फोम वरच्या कापडाला कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर लांब टाक्यांनी आधी जोडून घ्यावा, १६ नंबरची सुई लावावी, टाका ३ ते ३.५ मिमीचा ठेवावा आणि शिवण झाल्यावर मायेतला फोम टिपेच्या अगदी जवळून कात्रीने छाटावा. जिथे बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकमेकींना भेटतात तिथे दोन्ही माया विरुद्ध बाजूंना वळवल्या, तर सुईखाली एकावर एक थर येत नाहीत. तरीही त्या बोटभर जागेत मोटर किंवा पायडल न वापरता चाक हाताने फिरवणे शहाणपणाचे. अस्तर बाहेरच्या तुकड्यापेक्षा रुंदीत ३-४ मिमी कमी शिवावे, नाहीतर फोमची जाडी आतली जागा खाते आणि अस्तराला चुण्या पडतात. गरम इस्त्री थेट फोमवर टेकवली तर तो वितळतो. हाताने धुणे त्याला चालते, पण काही वर्षांनी पॉलियुरेथेन फोम पिवळा पडून भुगा होऊ लागतो, हे गृहीत धरूनच तो निवडावा.

जुन्या साडीचे थर म्हणजे गोधडीचीच रीत. सुती साडीचे चार-पाच थर वरच्या कापडाखाली पसरून, दीड-दोन सेंमी अंतरावर मशीनच्या सरळ टिपा किंवा हाताचा धावदोरा घातला की जे जाड कापड तयार होते ते बकरमइतके ताठ नसते, पण गच्च भरलेल्या टोपलीत छान उभे राहते. टिपा घालताना कापड आखडते, म्हणून तुकडा चारही बाजूंनी २-३ सेंमी मोठा घ्यावा आणि टिपा झाल्यावरच मापात कापावा. वेळ सर्वांत जास्त इथे जातो, खर्च जवळजवळ नसतो. धुण्याच्या बाबतीत याला तोड नाही. वाळायला मात्र कडक ऊन लागते, तेव्हा श्रावणात धुण्याचा मोह टाळलेला बरा.

तळाचा ताठ तुकडा तिन्ही प्रकारांत सुटाच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. तळात पुठ्ठा शिवून टाकला की टोपली कायमची पाण्यापासून दूर ठेवावी लागते; त्याऐवजी सनपॅक शीटचा (आतून पोकळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचा) १९.५ सेंमीचा चौरस कापून, कोपरे गोल करून आत ठेवला तर धुताना काढता येतो. कडी-पट्ट्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही, फक्त फोम आणि साडीच्या टोपलीत त्या काठाच्या शिवणीत घ्याव्यात आणि बकरमच्या टोपलीला शक्यतो लावूच नयेत, कारण ओढ पडताच काठ वाकतो.

तेव्हा कपाटातल्या कोरड्या फळीवर ओढण्या, रुमाल किंवा औषधे ठेवायची असतील आणि घरात काळे साधे मशीन असेल, तर बकरम पुरेसा आहे. बाळाचे कपडे, खेळणी किंवा न्हाणीघराजवळचे सामान ठेवायचे असेल तर बकरमचा विचार सोडावा आणि मशीन जाड थर ओढत असेल तर फोम घ्यावा. ते अडखळत असेल, तर साडीचे थर हाताने घालून, काठ ४-५ सेंमी बाहेर दुमडता येईल इतकी उंची बेतातच वाढवून घ्यावी. दुमडलेल्या काठाला दुप्पट जाडी मिळते आणि सर्वांत आधी ढासळणारी जागा तीच असते.