मुंबई मॅरेथॉन (फुल, म्हणजे ४२ किमी) – सात महिन्यांची तयारी आणि २१ जानेवारी २०२४ चा अनुभव

जुलैपासून आठवड्यातून चार दिवस धावून ही रेस पूर्ण केली म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आधी हाफ (२१ किमी) केल्या होत्या, फुलच्या एन्ट्रीला आधीच्या टाइम्ड रनचं (वेळ नोंदवलेल्या रेसचं) सर्टिफिकेट लागतं, तिथे त्या कामी आल्या.

मेन गोष्ट आधीच सांगते, पेडर रोडच्या चढासाठी पाय राखून ठेवा. २०२४ च्या रूटवर हा चढ दोनदा होता. जाताना अंधार असतो, पाय ताजे असतात, चढ कधी संपला कळतसुद्धा नाही. येताना मात्र तोच चढ साधारण ३५ किलोमीटरच्या पुढे लागतो, ऊन चढलेलं, टीशर्ट अंगाला चिकटलेला, आणि भले भले तिथे चालायला लागतात. माझे सगळे लाँग रन (लांब अंतराचे सराव) पहाटे चारला सुरू होऊन उन्हाच्या आत संपायचे, ही माझी मोठी चूक. नोव्हेंबरात ग्रुपमधले एक काका म्हणाले, अगं निदान दोन लाँग रन तरी उशिरा सुरू कर आणि शेवटचे किलोमीटर चढावर काढ. तेवढं ऐकलं म्हणून त्या दिवशी हळूहळू का होईना पण न थांबता वर पोचले.

जानेवारी म्हणजे थंडी असं समजून जाऊ नका, मुंबईची हवा दमटच, घाम वाळतच नाही. नुसतं पाणी पुरत नाही, मीठ किंवा ओआरएस हवंच.

ही रेस सुरू झाली २००४ ला. तेव्हा मी कॉलेजात होते, टीव्हीवर बघितलेली. तेव्हा सी लिंक नव्हताच, तो २००९ ला झाला आणि पुढच्या वर्षीपासून रूटमध्ये आला, आता पहाटे त्यावरून धावताना दोन्हीकडे समुद्र, फक्त पावलांचे आवाज, त्यासाठी सात महिने परत करीन. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईच्या कितीतरी आधीची, ती पण करायचीय. कोविडमुळे २०२१ आणि २०२२ ला मुंबईची झालीच नाही, २०२३ ला परत सुरू झाली आणि इथिओपियाच्या हायले लेमीने २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा कोर्स रेकॉर्ड (या रेसमधली सगळ्यात जलद वेळ) केला, २०२४ लाही तोच जिंकला. एलिट रनर (जिंकायला आलेले व्यावसायिक धावपटू) आपल्यानंतर सुटतात, म्हणजे हे सगळं उन्हात, या दमट हवेत! माझ्यासाठी तो आकडा आता वेगळाच झालाय.

शूज अर्धा साइज मोठे घ्या. दुकानात मला अगदी फिट्ट जोडी दिली, लांब अंतरात पाय सुजतात हे कोणी सांगितलं नाही, डिसेंबरात अंगठ्याचं नख काळं पडलं. मग रेसच्या पाच आठवडे आधी नवी जोडी घेऊन ती रुळवत बसावं लागलं.

बाकी आयोजन चांगलं, बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला मात्र अर्धा दिवस काढून ठेवा. आणि माणसं! माहीम, शिवाजी पार्क, पेडर रोड, लोक घरातून संत्र्याच्या फोडी, चिक्की, बर्फ घेऊन उभे. एक आजी प्रत्येकाला “झालंच बाळा, झालंच” म्हणत होत्या, तेव्हा माझे अजून सात किलोमीटर बाकी होते, तरी मला खरं वाटलं.

५ तास ३८ मिनिटं लागली. परतीच्या लोकलमध्ये गळ्यातलं मेडल बघून एका ताईने उठून विंडो सीट दिली, डोंबिवलीपर्यंत.